पावसाळी श्वानस्थापना : एक मीमांसा

प्रयोजन

देवाची प्राणप्रतिष्ठा कशी करावी, घट कोणत्या दिशेला मांडावा, गौरी कोणत्या दाराने घरात आणाव्यात, यांविषयी आपल्या शास्त्रकारांनी काही म्हणून बाकी ठेवलेलं नाही. परंतु आषाढातली सकाळ आहे, सव्वानऊ वाजलेत, नवरा-बायको दोघंही कामावर निघालीत, मुलं शाळेच्या बसने गेलीत, बाहेर पावसाची रिपरिप आहे आणि दारात अर्धवट ओला कुत्रा आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत उभा आहे. अशा प्रसंगी त्याला दिवसभर ठेवायचं कुठे, याबद्दल ग्रंथांतरी अवाक्षर नाही. कमलाकरभट्टांनी १६१२ साली निर्णयसिंधू रचला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी धर्मसिंधू लिहिला. एकादशी दोन दिवस आली तर कोणती धरावी, याचा दोघांनीही कीस काढला. एकादशी महिन्यातून दोनदा येते. कुत्र्याला घरी ठेवून बाहेर पडायची वेळ रोज येते. तरीही हे क्षेत्र पडीक राहिलं. विद्वानांकडे कुत्रे नसावेत किंवा नोकऱ्या नसाव्यात, याखेरीज त्याला दुसरं कारण संभवत नाही.

ही उणीव भरून काढणं हा प्रस्तुत निबंधाचा नम्र हेतू आहे. पद्धत पूर्वमीमांसेची घेतली आहे. विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय अशी पाच अंगं मांडल्याशिवाय जैमिनींच्या परंपरेत कुठलाच प्रश्न सुटला असं मानत नाहीत. यज्ञातल्या हविर्द्रव्यावर जी पद्धत चालली ती ओल्या कुत्र्यावर चालू नये, असं मानायला आधार नाही.

अभ्यासक्षेत्र मर्यादित आहे : पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट, आषाढ-श्रावण हे दोन महिने आणि एक कुत्रा. बंगलेवाल्यांनी, फार्महाउसवाल्यांनी आणि घरात सासूबाई असणाऱ्यांनी हा निबंध वाचला नाही तरी चालेल. त्यांचा प्रश्न सुटलेला आहे. सासूबाईंचा नसेल, पण कुत्र्याचा सुटलेला आहे.

१. विषय

प्रथम ‘थंड’ म्हणजे काय ते ठरवू. जुलैत पुण्याचं तापमान साधारण २२ ते २८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. हे आकडे वाचून युरोपातला माणूस हाफ पँट घालून फिरायला निघेल. पुणेकर माळ्यावरून कानटोपी काढतो. महाबळेश्वरची गोष्ट वेगळी. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घरांच्या भिंती भिजू नयेत म्हणून गवताच्या झडी बांधाव्या लागतात. तिथल्या कुत्र्यांचं शास्त्र स्वतंत्र अधिकाऱ्याने लिहावं.

कुत्र्याच्या अंगाची गोष्ट अशी. निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. माणसाला ज्या तापात सिक लीव्ह मिळते त्या तापात कुत्रा जन्मभर ड्यूटी करतो. ही ऊब टिकते ती केसांमध्ये अडकलेल्या कोरड्या हवेमुळे. केस भिजले की हवेची जागा पाणी घेतं आणि अंगातली ऊब त्या वाटेने निघून जाते. त्यात खाली व्हिट्रिफाइड टाइल असली तर ती पोटाकडून उरलेली ओढून घेते. म्हणून पहिला सिद्धान्त : पुण्याच्या पावसाळ्यात कुत्र्याला थंडी हवेची वाजत नाही, ओल्या केसांची आणि उघड्या लादीची वाजते.

पाणी झटकण्याची कुत्र्याची स्वतःची सोय असते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ साली उंदरापासून अस्वलापर्यंत अनेक प्राणी ओले करून त्यांचं अंग झटकणं चित्रित केलं. जनावर जेवढं लहान तेवढं ते वेगाने झटकतं. लॅब्राडोर सेकंदाला चार-पाच वेळा अंग घुसळतो आणि काही सेकंदांत सुमारे ७० टक्के पाणी उडवून लावतो. ते उडालेलं पाणी जातं कुठे, याची नोंद मात्र या संशोधनात नाही. पुण्यातला कोणताही गृहस्थ ती देऊ शकेल : नुकत्याच इस्त्री केलेल्या पँटवर, चपलांच्या रॅकवर आणि भिंतीला रंग देऊन जेमतेम वर्ष झालं असेल तर भिंतीवर.

आता ‘ओलं’. हवामान खातं पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतं. कुत्र्याचं वर्गीकरण वेगळं आहे. पहिला प्रकार झिमझिम. यात तो आनंदाने बाहेर जातो आणि एरवी दोन खांब हुंगून भागत असेल तर आज गवताचं पातं न् पातं हुंगतो, कारण ओलीत वास उठतात. दुसरा प्रकार सर. यात तो पार्किंगच्या कडेला उभा राहून सर ओसरायची वाट बघतो. मालकाच्या हातात छत्री असते, पण ती आपल्यासाठी नाही, हे त्याने ओळखलेलं असतं. तिसरा प्रकार झड. लिफ्टचं दार उघडतं, तो बाहेर बघतो, मग मालकाकडे बघतो, आणि तुम्हीच जाऊन या, अशा अर्थी लिफ्टमध्ये बसकण मारतो.

या तिसऱ्या प्रकारात लॅब्राडोर आघाडीवर असतो, हे जातिविज्ञानाला पडलेलं कोडं आहे. न्यूफाउंडलंडच्या गारठलेल्या पाण्यात उड्या टाकून कोळ्यांची जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज. बोटांमध्ये पडदे, अंगावर तेलकट दुपदरी केस, सगळा सरंजाम पाण्याचा. कर्वेनगरात त्याला डबक्याची किळस येते. उलट जिच्या सात पिढ्यांनी समुद्र पाहिला नाही ती पार्किंगमधली गावठी काळी भर पावसात कचरापेटीची वारी पुरी करून येते.

झडीच्या दिवशी कुत्रा पोट मोकळं न करताच घरी परततो. पुढचं सगळं शास्त्र या एका घटनेवर उभं आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

२. संशय

संशय चार : आत ठेवावा की बाहेर, बांधून की मोकळा, एकटा की कोणाच्या सोबतीला, आणि थोडा वेळ की दिवसभर. यांची उलटापालट केली तर सोळा प्रकार निघतात. पैकी काही थेट कायद्यात बसतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याच्या ११व्या कलमात जनावराला आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवून न आणणं हाही गुन्हा आहे. पहिल्या खेपेला शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड. दहा रुपयांत आज गाडीवरचा चहा मिळतो. म्हणजे या प्रश्नी सरकारने लोकांना कायद्यापेक्षा लाजेच्या भरवशावर सोडलेलं आहे.

३. पूर्वाचार्यांची मतं

हवा वाईट असताना कुत्रा कुठे ठेवावा, या प्रश्नाची आपल्याकडची सर्वांत गाजलेली सुनावणी महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात झाली. स्थळ हिमालय. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडलेले. उरले युधिष्ठिर आणि मागोमाग आलेला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, तू चल, कुत्रा इथेच राहू दे, स्वर्गात कुत्रेवाल्यांना जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो, ही कथा सर्वांना ठाऊक आहे.

यात दोन मुद्दे दुर्लक्षित राहिले. पहिला पाठचिकित्सेचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धं शतक खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. हस्तलिखितं ताडून पाहताना अनेक लोकप्रिय प्रसंग मूळ संहितेतून बाहेर पडले. गणेश लेखनिक झाल्याची कथासुद्धा परिशिष्टात गेली. कुत्रा मात्र टिकला. भल्याभल्यांना बाहेर काढणाऱ्या पुण्यातल्या विद्वानांना या कुत्र्याला बाहेर काढणं जमलं नाही, यावरून प्रश्नाचं महत्त्व कळावं.

दुसरा मुद्दा कायद्याचा. इंद्राची भूमिका हुबेहूब सोसायटीच्या चेअरमनची आहे : नियम पूर्वापार आहे, कुणासाठी बदलता येत नाही आणि तुम्हाला वैयक्तिक काही म्हणायचं नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकाप्रमाणे सभासदांचं बहुमत असलं तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टमध्येही मज्जाव करता येत नाही. त्यापुढे इंद्राचा नियम टिकला नसता. युधिष्ठिराला परिपत्रक उपलब्ध नव्हतं. त्याने नुसत्या हट्टावर काम भागवलं.

दत्तसंप्रदायाची वाट आणखी सरळ. दत्तप्रभूंच्या पायाशी चार कुत्री, म्हणजे चार वेद. परंपरा सांगते की प्रभू काशीला स्नान करतात, कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि माहूरला निद्रा घेतात. एवढा रोजचा दौरा असूनही चारही कुत्री बरोबरच दाखवलेली असतात, म्हणून त्यांना घरी ठेवण्याचा प्रश्नच उपस्थित होत नाही. पावसाळ्यात नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी चढून गाभाऱ्यात शिरतं आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडतं. त्या स्नानाला गर्दी लोटते. पूर वाढतो तशी उत्सवमूर्ती मात्र उंचावरच्या देवळात नेतात. यातून घ्यायचं सार एवढंच की पाणी आलं म्हणजे ज्याला जपायचं त्याला उचलून कोरड्या, उंच जागी न्यायचं असतं.

प्रतिकूल दाखला पॉम्पेईचा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा एका घराचा राखणदार कुत्रा साखळीला बांधलेलाच राहिला. राखेत उमटलेल्या त्याच्या आकाराचा प्लास्टरचा साचा १८७४ साली काढला गेला. पाय वर, मान पिळवटलेली, गळ्यात पट्टा. ‘बांधून ठेवावा’ या पक्षाचं खंडन एवढ्याने पूर्ण झालं.

४. पूर्वपक्ष

(अ) बाथरूमवादी. यांचा युक्तिवाद असा : फरशी धुता येते, पाणी जायला मोरी आहे, चावण्यासारखं काही नाही, सबब कुत्रा बाथरूममध्ये. परिहार : ज्या खोलीची लादी पावसाळ्यात चार महिने वाळत नाही तिथे कोरडं राहण्यासाठी कुणाला ठेवणं तर्काला धरून नाही. शिवाय कुत्र्याच्या अनुभवानुसार बाथरूममध्ये एकच गोष्ट घडते, आणि ती त्याला आवडत नाही. या मताच्या अनुयायांचं घर ओळखायचं असेल तर बाथरूमचं दार आतून बघावं. जमिनीपासून वीतभर उंचीवर नखांच्या उभ्या रेघा असतात, खालच्या कोपऱ्यातला सनमायका सुटलेला असतो आणि आतली प्लाय पाण्याने फुगून पापुद्रे निघालेले असतात. दार बदलायला सुतार जे पैसे घेतो त्यात चांगल्यापैकी सतरंज्यांचा गठ्ठा येतो.

(आ) गॅलरीवादी. या पक्षाचे आद्य आचार्य म्हणजे घरोघरचे आजोबा. त्यांचं सूत्र : आमच्या वेळी कुत्रा अंगणात असायचा. परिहार करताना आदर राखून असं म्हणावं लागतं की आजोबा, तुमच्या कुत्र्याला अंगण होतं, तशी पडवी होती, गोठा होता, गवताची उडवी होती. पाऊस आला की कुठे जायचं हे तो ठरवायचा. ह्याला चार बाय सहा फुटांची ड्राय बाल्कनी आहे, तीत वॉशिंग मशीन आहे, मोरीत भांडी आहेत आणि पश्चिमेच्या वाऱ्याने पाऊस निम्म्या लादीवर येतो आहे.

अंगणातला कुत्रा काय ठरवायचा, हे कोकणात अजून बघायला मिळतं. न्हाणीघराला लागून पाणी तापवायची चूल असते. सकाळच्या आंघोळी आटोपतात, लाकडं विझतात, भांड्याच्या बुडाशी थोडी धग उरते. मग पावसातून कुत्रा येतो. दाराशी थबकतो, कुणी ओरडतं का ते बघतो, राखेभोवती दोन गिरक्या घेतो आणि नाक शेपटीखाली घालून चुलीच्या तोंडाशी मुटकुळं करून पडतो. आतून ‘हाड!’ असा आवाज येतो, पण उठून कुणी येत नाही. दुपारी तो उठतो तेव्हा काळ्याचा करडा झालेला असतो. राख कोरडी, जमिनीपेक्षा वर, वाऱ्याच्या आडोशाला आणि माणसांच्या आवाजाच्या टप्प्यात. एवढं अचूक स्थळ कुठल्याही वास्तुविशारदाने सुचवलेलं नाही. गॅलरीवाद्यांना अंगण आठवतं, चूल आठवत नाही.

(इ) पार्किंगवादी. ‘खाली सोडा की, वॉचमनकाका आहेत.’ या पक्षाला तीन हरकती. पहिली उंदरांची. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्याला आणि माणसालाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर या रोगाचे रुग्ण वाढले, हे अनेकांना आठवत असेल. वर्षाच्या लसीत लेप्टोची लस असतेच असं नाही, ती आहे का हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. दुसरी हरकत गोचिडांची. दमट उबेत त्या फोफावतात आणि त्यांच्यामुळे येणारा ताप कुत्र्याला चार दिवसांत लोळवतो. तिसरी हरकत मालकीहक्काची. पार्किंग मोकळं नसतं; तिथे काळी राहते. कसेल त्याची जमीन, तसं बसेल त्याचं पार्किंग. तिथे लॅब्राडोरला पाठवणं म्हणजे बेकायदा घुसखोरी होय, आणि काळी दाद मागायला कोर्टात जात नाही.

(ई) वसतिगृहवादी. शहरात आता कुत्र्यांची पाळणाघरं आणि बोर्डिंगं निघाली आहेत. चार दिवस गावाला जायचं असेल तर हा मार्ग उत्तम. मात्र आधी जागा जाऊन बघावी, लादी कोरडी आहे का ते हात लावून बघावं, आणि लसीकरणाचं कार्ड मागत नाहीत तिथे कुत्रा ठेवू नये. ज्यांनी तुमचं कार्ड मागितलं नाही त्यांनी शेजारच्या पिंजऱ्यातल्याचंही मागितलेलं नसतं. रोजच्या नऊ ते सहासाठी हा मार्ग खिशाला परवडत नाही, आणि सकाळी पावसात तिथवर नेऊन पोचवताना दोघंही भिजतात. म्हणजे मूळ प्रश्न तसाच.

(उ) शेजारवादी. ‘काकू, जरा चारपर्यंत ठेवाल?’ हा पक्ष बलवान आहे, पण काकूंच्या स्वभावावर अवलंबून असल्याने शास्त्राच्या कक्षेबाहेर जातो.

५. काळविचार

किती वेळ, हा प्रश्न कुठे या प्रश्नाहून मोठा आहे. स्वीडनच्या कृषी विद्यापीठातल्या थेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग यांनी २०११ साली कुत्र्यांना घरात अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून पाहिलं. मालक परतल्यावर होणारं स्वागत अर्ध्या तासापेक्षा दोन तासांनी बरंच जोरात झालं. दोन आणि चार तासांच्या स्वागतात मात्र फारसा फरक नव्हता. बारकाईने पाहिलं तर घरात नवरा परतल्यावर होणाऱ्या स्वागताची यापेक्षा निराळी आकडेवारी निघेल, पण तो या निबंधाचा विषय नाही.

वेळ तो कसा काढतो? झोपून. प्रौढ कुत्रा दिवसाच्या निम्म्याहून अधिक वेळ झोपण्यात घालवतो. विद्यार्थ्याच्या लक्षणांत आपल्याकडे श्वाननिद्रा सांगितली आहे, ती अर्थात लागते पण तुटते अशी झोप. जिन्यात पाऊल वाजलं की कान उभा. मात्र झोप लागायला दोन गोष्टी हव्यात : अंग कोरडं आणि पोट मोकळं. म्हणून जाणकार प्रौढ कुत्र्याला सलग चार तासांच्या वर एकटं ठेवू नका असं सांगतात. पिल्लाला तर त्याहून बराच कमी वेळ. झडीच्या दिवशी सकाळची फेरी वाया गेलेली असते, त्यामुळे हे चार तास आणखी आखडतात. दिवसभर कळ काढून बसलेल्या कुत्र्याचे हाल कुत्रादेखील खात नाही.

६. उत्तरपक्ष

आता प्रत्यक्ष प्रमाणाकडे वळू. पूर्वाचार्यांना जे साधन नव्हतं ते हल्ली घरोघरी आहे : मोबाइलला जोडलेला कॅमेरा. आमच्या इमारतीतल्या एका लॅब्राडोरच्या मालकिणीने त्याचं चित्रण अभ्यासासाठी उपलब्ध करून दिलं. कुलूप लागलं की कुत्रा दाराशी येतो आणि सेफ्टी डोअरच्या खालच्या फटीला नाक लावून बसतो. लिफ्ट खाली जाऊन तिचा आवाज थांबेपर्यंत हलत नाही. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० पर्यंतचा. आपल्या दृष्टीने केव्हाच गेलेला माणूस त्याच्या दृष्टीने अजून जायचा असतो. मग तो उठतो. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखालचा कचऱ्याचा डबा बंद असल्याची खात्री करून घेतो. नेमून दिलेल्या, बाहेरगावाहून मागवलेल्या गुबगुबीत गादीपाशी येतो. तिला हुंगतो. आणि सोफ्यावर जाऊन झोपतो.

हे चित्रण रोजचं आहे. गादी बाथरूमच्या बोळात ठेवली, पॅसेजमध्ये ठेवली, खिडकीखाली ठेवली, निष्कर्ष तोच. यामागची कारणं चुलीच्या राखेतली आहेत. सोफा कोरडा असतो. लादीपासून वर असतो. वाऱ्याच्या तोंडी नसतो. तिथून दार दिसतं. आणि त्याला माणसांचा वास येतो. पाचही कसोट्यांना उतरणारी जागा घरात दुसरी नाही, एक पलंग सोडला तर, आणि बेडरूमचं दार आपण लावून जातो.

इथे या संपूर्ण शास्त्राचं गुपित उघडं पडतं. कुत्र्याला कुठे ठेवावं याचं उत्तर कुत्र्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाथरूम, गॅलरी, पार्किंग हे सगळे पक्ष निघाले ते त्याला त्या उत्तरापासून लांब ठेवण्यासाठी. चर्चा कुत्र्याची चालते, काळजी सोफ्याची असते. ‘बिचारा भिजला आहे हो,’ असं म्हणणारा माणूस कुशनकडे बघत असतो.

या निष्कर्षाप्रत आम्ही ग्रंथ धुंडाळून पोचलो. त्याच घरात भांडी घासायला येणाऱ्या मावशी कुत्र्याकडे एकदा बघून पोचल्या. सिंकमधली कढई न सोडता त्या म्हणाल्या, ‘‘वहिनी, गॅलरीत नका ठेवू त्याला, तिथलं पोतेरं अजून ओलं हाय. सोफ्यावर जुनी सतरंजी टाका, अन् एक किल्ली माझ्याकडं द्या. बाराला वरच्या घरी कामाला येतीच मी, तेव्हा त्याला खाली फिरवून आणीन.’’ विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय, पाचही अंगं यात आहेत. किल्लीचा मुद्दा तर कुठल्याही शास्त्रकाराला सुचला नव्हता. मावशींना फिरवण्याचे वेगळे पैसे द्यावेत, हे सांगायला लागू नये.

७. निर्णय

प्रथमं मार्जनम्. आधी पुसावं, मग ठेवावं. क्रम असा : पंजे, बोटांच्या बेचक्या, पोट, कानांच्या पाळ्यांची आतली बाजू, शेवटी शेपूट. बेचक्या आणि कान ओले राहिले की बुरशी धरते आणि खाज सुरू होते. टॉवेल जुना आणि सुती असावा. ओला कुत्रा खोलीत कोंडला की तो राहत नाही, मुरतो. त्याच्या केसांतल्या जंतूंचा नि बुरशीचा वास पाण्याबरोबर हवेत उठतो आणि संध्याकाळी दार उघडताच सामोरा येतो.

उच्चैः स्थापनम्. जमिनीपासून वर ठेवावं. सोफा द्यायचा नसेल तर त्याच गुणांची जागा द्यावी : दार दिसेल अशा ठिकाणी बुटकी खाट किंवा पाट, त्यावर सतरंजी, सतरंजीवर घरच्यांपैकी कुणाचा तरी न धुतलेला टीशर्ट. बाहेरगावची गादी शोभेला ठेवावी.

मुक्तम्. बांधू नये, एका खोलीत कोंडू नये. गॅलरीचं दार बंद, आतली दारं वाऱ्याने आपटणार नाहीत अशी अडकवून उघडी. गीझर, इस्त्री, हीटर, लोंबणाऱ्या एक्स्टेंशनच्या वायरी, सगळं प्लगमधून काढलेलं. त्याला ऊब मिळावी म्हणून हीटर चालू ठेवून जाऊ नये. ऊब त्याच्या अंगात आहे, तिला कोरडं ठेवणं एवढंच आपलं काम. पिण्याचं पाणी पावसाळ्यातही लागतं.

गर्जिते सति. ढग गडगडायला लागले की अनेक कुत्री पलंगाखाली शिरतात. तिथून ओढून काढू नये. पडदे सोडून जावेत, पंखा किंवा रेडिओ हलक्या आवाजात चालू ठेवावा. वृत्तवाहिनी लावू नये. ढग मधूनमधून तरी थांबतात.

दश-घटिकान्तरे मनुष्यः. चार तासांच्या आत दार उघडणारा माणूस हवा. मालक, मावशी, काकू, कॉलेजातून लवकर सुटणारा भाचा, कुणीही. हे सूत्र बाकी सगळ्या सूत्रांचा बाध करतं. उत्तम सोफा आणि दहा तास यापेक्षा फाटकी सतरंजी आणि बाराची चक्कर श्रेष्ठ.

परिशिष्ट पार्किंगमधल्या काळीसाठी. तिला कुठे ठेवावं हा प्रश्न सोसायटीच्या सभेत दर जूनला निघतो आणि तिला कुठून हाकलावं या प्रश्नात संपतो. जिन्याखालच्या कोपऱ्यात, पाणी येत नाही अशा ठिकाणी, दोन विटांवर एक फळी आणि फळीवर गोणपाट, एवढीच तिची मागणी आहे. गोणपाट ओलं झालं की बदलायचं. याला ठराव लागत नाही, सूचक-अनुमोदक लागत नाहीत.

राहता राहिला अंतिम निर्णय. हा प्रश्न जुलैत पडतो, पण त्याचं उत्तर पिल्लू घरी आणायच्या आधी द्यायचं असतं. दुपारी बाराला ज्यांच्या घराचं दार उघडणारं कुणी नाही, आणि उघडेल असं कुणी जोडून ठेवायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी कुत्रा पाळू नये. गॅलरीत अळू लावावं. ओलीत दिवसभर एकटं राहायला त्याची हरकत नसते, आणि श्रावणात वड्या होतात.